मोजक्या साहित्याचं श्रीमंत स्वयंपाकघर

बालाघाट जिल्ह्याच्या पोटात तांबं आहे आणि मँगनीजही आहे. मलाजखंडला हिंदुस्तान कॉपरची उघडी खाण १९८२ मध्ये सुरू झाली. देशातला तांब्याच्या खनिजाचा सर्वांत मोठा साठा तिथलाच. बालाघाट शहराजवळची भरवेलीची खाण आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. वर जंगल आहे ते साग, साल, बीजा आणि बांबूचं. असा हा धातूंचा आणि लाकडाचा मुलूख. तरीही इथे, किंवा शेजारच्या गोंदियात आणि पुढे नागपुरात, जुनं स्वयंपाकघर काढून नवं आलिशान करायला निघालेल्या कुटुंबाच्या हाती पहिल्यांदा पडतो तो नमुन्यांचा कॅटलॉग. त्यात लाकडासारखी दिसणारी टाइल असते, संगमरवरासारखा दिसणारा क्वार्ट्झ असतो आणि तांब्यासारखा दिसणारा मुलामा असतो.

त्या कॅटलॉगमधली प्रत्येक वस्तू सुटी पाहिली तर छानच असते. गडबड होते ती जमवाजमवीत. ग्रॅनाइट एका दुकानातून येतो, टाइल दुसऱ्या दुकानातून, लॅमिनेट सुतार दाखवतो, हँडल हार्डवेअरवाला सुचवतो आणि नळ शेवटच्या आठवड्यात घाईनं आणला जातो. या सगळ्या गोष्टी एकमेकींशेजारी पहिल्यांदा भेटतात त्या थेट ओट्यावर, पैसे देऊन झाल्यानंतर. मग वाइन रंगाची ॲक्रिलिकची दारं, त्यांवर सोनेरी पट्टी, मागे षटकोनी टाइल, समोर चमचमता काळा ग्रॅनाइट आणि खाली लाकडी छापाची फरशी असा मेळा भरतो. खर्च लाखांत झालेला असतो, पण नजरेला टेकायला जागा उरत नाही.

चांगले गृहसजावटकार म्हणूनच आधी आकडा ठरवतात: एक दगड, एक लाकूड, एक धातू आणि भिंतीचा एक रंग. फार तर पाचवी एखादी गोष्ट, तीही लहानशी. हा आकडा कंजूषपणातून आलेला नाही. साहित्यांची संख्या कमी झाली की प्रत्येक साहित्यावर जास्त पैसा, जास्त क्षेत्रफळ आणि जास्त कारागिरी खर्च करता येते. महागडं स्वयंपाकघर महाग दिसतं ते दगडाची लाट भिंतीवर अखंड चढलेली दिसते तेव्हा, सागवानाच्या रेषा एका दारातून दुसऱ्या दारात जुळत जातात तेव्हा.

जुन्या घरांत ही शिस्त आपोआप पाळली जाई, कारण दुसरा पर्यायच नसे. मातीच्या भिंती, सागवानी खांब, वर कवेलू, खाली शेणानं सारवलेली जमीन, कोनाड्यात पितळेची भांडी. सेवाग्रामला १९३६ पासून उभी राहिलेली गांधीजींच्या आश्रमातली घरं आजही पाहता येतात. माती, बांबू, लाकूड आणि कौलं एवढ्याच सामग्रीत ती बांधली आहेत आणि तिथलं एकही दालन गरीब वाटत नाही. जुन्या स्वयंपाकघरांत धूर होता, अंधार होता, बाईला दिवसभर वाकून काम करावं लागे. ते परत आणण्याची कुणालाच हौस नसावी. घ्यायचं ते एवढंच की त्या खोलीतल्या वस्तू एकाच ठिकाणच्या वाटत.

जगात आधुनिक स्वयंपाकघराची सुरुवात ज्या खोलीपासून मोजतात तीही अशीच मोजकी होती. जर्मनीतल्या फ्रँकफुर्टमध्ये १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी कामगार कुटुंबांच्या घरांसाठी जेमतेम पावणेदोन-दोन मीटर रुंद आणि साडेतीन मीटर लांब असं स्वयंपाकघर आखलं. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. त्यातलं प्रत्येक साहित्य कामानुसार निवडलेलं होतं: पिठाचे डबे ओकच्या लाकडाचे, कारण त्यातल्या टॅनिनमुळे अळ्या होत नाहीत, कामाची फळी बीचच्या लाकडाची, कारण तिच्यावर डाग आणि सुरीचे वार सहज उमटत नाहीत, साखर-तांदळासाठी ॲल्युमिनियमचे ओतण्याजोगे खण. दारांचा रंग निळसर, कारण निळ्या रंगावर माश्या बसत नाहीत असं तेव्हा मानत. शंभर वर्षांनंतरही हा धडा लागू पडतो. कोणतंही साहित्य ‘छान दिसतं’ म्हणून घेण्याआधी त्याच्यावर काय सांडणार आहे हे विचारावं.

बालाघाटच्या घरात काय सांडतं? हळद घातलेलं तेल. चिंचेचा कोळ, लिंबू, आंबट ताक. सावजी रश्श्याचा तवंग. चिन्नोर भाताची पेज उतू जाते ती थेट शेगडीच्या कडेनं ओट्यावर. (या सुगंधी तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि या पट्ट्यात पाहुण्यांसाठी तोच शिजतो.) शिवाय शेगडीवरून उतरवलेला तापलेला लोखंडी तवा, पाटा-वरवंटा किंवा खलबत्त्याचे घाव, आणि चार महिने हवेत राहणारी पावसाळी ओल. युरोपातल्या मासिकांतली पांढरी शुभ्र स्वयंपाकघरं पाहताना हे आठवायला हवं की तिथे रोज फोडणी होत नाही.

म्हणून पहिला आणि सर्वांत महागडा निर्णय ओट्याच्या दगडाचा.

संगमरवर म्हणजे मूलतः चुनखडकच, उष्णतेनं आणि दाबानं रूप पालटलेला. जबलपूरच्या भेडाघाटची शुभ्र खडकांची रांग पाहिलेल्या माणसाला तो ओट्यावर हवासा वाटणं साहजिक आहे. पण आम्ल लागलं की त्यातला कार्बोनेट विरघळतो आणि लिंबाची अर्धी फोड रात्रभर पडून राहिली तर सकाळी तिथे मंद पांढरा वण दिसतो. तो पुसून जात नाही. घासून पुन्हा पॉलिश करावं लागतं. कडप्पा, कोटा आणि शहाबादी फरशी हेही चुनखडकाचेच प्रकार. जुन्या ओट्यांवरचा कडप्पा काळा राहतो तो घरातली बाई त्याला अधूनमधून तेलाचा हात फिरवते म्हणून. ही निगा ज्यांना जमते, आवडते, त्यांनी कडप्पा जरूर घ्यावा. मंद काळा, अजिबात न चमकणारा असा तो दगड आहे आणि आलिशान म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी गोष्टींपेक्षा देखणा आहे.

ज्यांना निगेची काळजी नको, त्यांच्यासाठी ग्रॅनाइट. तो क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार या कठीण खनिजांचा बनलेला असतो, आम्लाला दाद देत नाही, तापल्या भांड्यानं तडकत नाही. फक्त निवडताना नक्षी मोजून घ्यावी. आंध्रातल्या चिमकुर्तीचा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ लोकप्रिय आहे, पण त्यातले सोनेरी कण स्वतःच एक नक्षी असतात. त्याच्यामागे नक्षीची टाइल आली की दोघांचं भांडण सुरू होतं. एकरंगी काळा किंवा राखी ग्रॅनाइट घेऊन त्याला आरशासारख्या पॉलिशऐवजी ‘लेदर’ फिनिश दिलं तर त्यावर बोटांचे ठसे आणि पाण्याचे डाग कमी दिसतात आणि दिव्याचा झोतही डोळ्यांवर येत नाही.

क्वार्ट्झ या नावानं विकला जाणारा ओटा हा कारखान्यात तयार होतो. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक क्वार्ट्झचा चुरा आणि बाकी रेझिन असतं. डाग कमी धरतो, रंग एकसारखा मिळतो, ही त्याची बाजू. पण रेझिनला उष्णता सोसत नाही. शेगडीवरून उतरवलेला तवा थेट ठेवला तर पिवळा डाग कायमचा बसू शकतो. त्याहून गंभीर गोष्ट कापणाऱ्या कामगाराची. या पाट्या कोरड्या कापताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. याच कारणानं ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाचा वापर बंद केला; असं करणारा तो पहिला देश. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, पण प्रमाण बरंच कमी. दगड कोणताही असो, कापताना पाण्याची धार आणि तोंडावर योग्य मास्क असलाच पाहिजे. आलिशान घराच्या मालकानं कंत्राटदाराला ही अट घालणं अजिबात जास्त नाही.

दगड ठरला की लाकूड. इथे बालाघाटकर नशीबवान आहेत. सागवानात नैसर्गिक तेल असतं, वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही, आणि ओल-उन्हाच्या फेऱ्यात तो इतर लाकडांपेक्षा कमी हलतो. वनविभागाच्या काष्ठागारात लिलावात घेतलेला किंवा परवानाधारक लाकूड व्यापाऱ्याकडून पावतीसह घेतलेला साग हाच सरळ मार्ग. पावती नसलेलं स्वस्त लाकूड जंगल कापून आलेलं असू शकतं. त्याहून उत्तम म्हणजे पाडल्या जाणाऱ्या जुन्या घरातल्या तुळया आणि दारं. पन्नास-साठ वर्षं वाळलेलं ते लाकूड आता वाकत नाही की पिळत नाही.

मात्र आख्ख्या दाराला सागाची एकसंध रुंद फळी लावण्याचा मोह टाळावा. बालाघाटच्या मे महिन्यात ती आकसते, ऑगस्टमध्ये फुगते, आणि दार चौकटीत अडकायला लागतं. जुने सुतार चौकट आणि तिच्या खाचेत सैल बसणारी फळी अशी रचना करत ती याच कारणासाठी. आजचा पर्याय म्हणजे चांगल्या प्लायवर सागाचं व्हिनियर. प्लाय घेताना आयएस ७१० चा शिक्का पाहावा. त्या दर्जाच्या ‘मरीन’ प्लायचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकतो की नाही याची चाचणी त्यामागे असते. आयएस ३०३ चा साधा ‘एमआर’ प्लाय कपाटाला चालेल, सिंकखाली नाही.

लाकडाला फिनिश कोणतं? पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर पाणी रोखतो, पण ओरखडा पडला तर पूर्ण दार पुन्हा करावं लागतं. या भागात पिकणाऱ्या जवसाचं तेल लावलेलं लाकूड उबदार दिसतं आणि डाग पडलेला भाग घासून तेवढाच पुन्हा तेलावता येतो. एक खबरदारी इथे सांगायलाच हवी: जवसाच्या तेलानं भिजलेले बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. सुकताना ते आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून किंवा उघड्यावर पसरून वाळवूनच ते टाकावेत.

साहित्य मोजताना सर्वांत जास्त विसर पडतो तो धातूचा. मालक म्हणतात, आमच्याकडे धातू नाहीच. पण चिमणी स्टीलची असते, फ्रिजही बहुधा स्टीलचाच, हॉब काळ्या काचेचा, मायक्रोवेव्हला काळी काच आणि स्टील, सिंक स्टीलचं, नळ क्रोमचा, हँडल सोनेरी, सॉकेटच्या पाट्या पांढऱ्या. ही सगळी न बोलावलेली पाहुणेमंडळी आहेत आणि त्यांना आधीच मोजावं लागतं. त्यात मराठी स्वयंपाकघराचं वैशिष्ट्य म्हणजे मांडणीवर ओळीनं लावलेली स्टीलची आणि पितळेची भांडी. ती लपवायची नसतील, आणि लपवू नयेत, तर स्टील हाच पहिला धातू ठरला. मग नळ आणि हँडलही त्याच कुळातले घ्यावेत. काळे मॅट हँडल, सोनेरी नळ आणि क्रोमचे हुक एकत्र आले की मोजकेपणा तिथेच मोडतो.

स्टीलची निवड करताना भरवेलीचा संबंध अनपेक्षितपणे येतो. पोलाद बनवायला मँगनीज लागतंच. ते लोखंडातलं गंधक आणि प्राणवायू बांधून घेतं, नाहीतर पोलाद ठिसूळ होतं. बालाघाटच्या खाणींतून निघालेलं खनिज मिश्रधातूंच्या कारखान्यांतून अखेर देशाच्या पोलादात उतरतं. त्या खाणी चालवणाऱ्या मॉयल कंपनीची सुरुवात १८९६ च्या एका ब्रिटिश कंपनीत आहे. १९६२ मध्ये भारत सरकारचा हिस्सा आला आणि १९७७ मध्ये ती पूर्णपणे सरकारी झाली. पण स्टेनलेस स्टीलमध्ये मँगनीज आणखी एका कामासाठी वापरतात: महागड्या निकेलच्या जागी. ‘३०४’ स्टीलमध्ये अठरा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असतं, मँगनीज फार तर दोन टक्के. ‘२०२’ मध्ये निकेल निम्म्यावर येतं आणि मँगनीज साडेसात ते दहा टक्के होतं. नवं असताना दोन्ही सारखंच चमकतं. पण पाणी, मीठ आणि आंबट यांच्या रोजच्या संगतीत २०२ लवकर गंजाचे ठिपके दाखवतं. सिंक आणि स्टीलचा ओटा ३०४ चाच हवा. लोहचुंबक लावून फरक कळतो हा समज चुकीचा आहे. दोन्ही सहसा चुंबकाला चिकटत नाहीत. दुकानदाराकडे तपासणीच्या रसायनाची बाटली असते, त्याचा थेंब टाकून घ्यावा आणि बिलावर दर्जा लिहून घ्यावा. ३०४ लाही ब्लीचिंगचं द्रावण रात्रभर लागू देऊ नये, त्यातल्या क्लोरिननं बारीक खड्डे पडतात.

आणि तांबं? मलाजखंडच्या जिल्ह्यात ते घरात कुठेतरी दिसावं ही इच्छा रास्त आहे. एकाच ठिकाणी, पण मनापासून. पिण्याच्या पाण्याचा ठोक्याचा हंडा, किंवा जेवणाच्या टेबलावरच्या दिव्याची छत्री, किंवा खिडकीजवळचं छोटं बेसिन. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर तांब्यावर हातोडीनं मठार काम करतात. एकेका ठोक्यानं नक्षी तर उठतेच, शिवाय मऊ धातू कठीण होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं २००८ मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंची जंतुनाशक पृष्ठभाग म्हणून नोंद केली. हँडलसाठी हे कामाचं आहे. पण तांबं काळवंडणार, हिरवट होणार, चिंच-मिठानं घासल्यावर पुन्हा लखलखणार. हे ज्याला सोसत नाही त्यानं लाखेचा थर दिलेलं तांबं घेण्यापेक्षा तांबं न घेतलेलंच बरं, कारण थर जागोजाग निघाल्यावर ते सर्वांत वाईट दिसतं. आंबट पदार्थ शिजवण्याची भांडी मात्र कल्हई केलेलीच असावीत.

मोजक्या साहित्यातून श्रीमंती कशी येते याचं महाराष्ट्रातलं चांगलं उदाहरण अलिबागजवळ नांदगावला आहे. बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईनं २००७ मध्ये नारळाच्या वाडीत बांधलेलं ‘पामायरा हाउस’ ताडाच्या खोडापासून केलेल्या झडपांनी सर्व बाजूंनी वेढलेलं आहे. एकच झडप शेकडो वेळा येते, आणि त्या पुनरावृत्तीमुळेच ऊन-सावली इतकी देखणी पडते. त्याआधी, १९२९ मध्ये बार्सिलोनात मीस व्हॅन डेर रोहे यांनी उभारलेल्या जर्मन दालनात हिरवा संगमरवर, ट्रॅव्हर्टाइन, सोनेरी ऑनिक्स, काच आणि क्रोमचा मुलामा दिलेले खांब एवढंच होतं. ऑनिक्सची भिंत एकच. तिच्याभोवती बाकी सगळं शांत ठेवलं म्हणून ती लक्षात राहिली.

ओट्यामागच्या भिंतीला, म्हणजे डॅडोला, वेगळी टाइल लावण्याची सवय सोडून ओट्याचाच दगड वर न्यावा. सांधे कमी होतात, आणि हळदीचे डाग बसतात ते मुख्यतः सिमेंटच्या सांध्यांतच. टाइल लावायचीच असेल तर मोठ्या मापाची आणि सांध्यांत एपॉक्सी. जमिनीला कोटा उत्तम: बालाघाटच्या उन्हाळ्यात पायाला गार, आणि दहा वर्षांनी घासून पुन्हा नवा करता येणारा. खिडकीला वारासिवनीच्या हातमागाचं साधं सुती कापड. छताला पांढरा रंग, भिंतीला पांढऱ्यातलाच थोडा ऊबदार.

रंगांचा साठ-तीस-दहाचा नियम सजावटकार सांगतात: साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के दुसरा, दहा टक्के ठसका. नवख्यांना तो आधार देतो. तरी स्वयंपाकघरात प्रकाश जास्त महत्त्वाचा. दुकानातल्या निळसर दिव्याखाली राखी वाटलेला लॅमिनेट घरातल्या पिवळ्या दिव्याखाली हिरवट दिसू शकतो. नमुने घरी आणून सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली, सगळे एकत्र मांडून पाहावेत. त्याच नमुन्यांवर हळद-तेल, चिंच आणि लिंबू टाकून एक रात्र ठेवावं. दुकानदार नमुना द्यायला तयार नसेल तर विकत घ्यावा. पुढे वाचणाऱ्या पैशांच्या मानानं तो खर्च नगण्य असतो.

कमी साहित्य म्हणजे कमी खर्च असं मात्र होत नाही, आणि होऊही नये. वाचलेला पैसा डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी जावा: पूर्ण बाहेर येणारे आणि हळू बंद होणारे चॅनल, वजन पेलणाऱ्या बिजागऱ्या, सिंकखालचं पाणीरोधक खोकं, चांगल्या ओढीची चिमणी. आणि कारागिरीकडे. नक्षी नसलेल्या कामात चूक लपत नाही. दोन दारांमधली फट एका टोकाला दोन आणि दुसऱ्या टोकाला चार मिलिमीटर असेल तर ती रोज दिसते. म्हणून सुतार आणि फरशीवाला हे दोघे साहित्यापेक्षा आधी ठरवावेत, त्यांची आधीची कामं प्रत्यक्ष पाहून.

दगडाच्या गोदामात घरातल्या मंडळींनी स्वतः जावं. लागणाऱ्या सर्व लाद्या एकाच मोठ्या दगडातून ओळीनं कापलेल्या आहेत का हे विचारावं, त्यांचे क्रमांक बिलावर लिहून घ्यावेत आणि कापण्याआधी जमिनीवर मांडून सांधा कुठे येणार ते खडूनं आखून घ्यावं. सांधा सिंकच्या तोंडाशी नको, तिथे पाणी मुरतं आणि कापलेला दगड अरुंद असल्यानं तडकतो. कापून उरलेले दोन-तीन तुकडे माळ्यावर जपून ठेवावेत, कारण पाच वर्षांनी नळाजवळचा कोपरा फुटला तर नेमका त्याच रंगाचा दगड बाजारात मिळत नाही.